पायावर बोललेला नवस

साध्या तापाला त्या गावातला माणूस केजला जातो, दुखणं वाढलं तर अंबाजोगाईला. पण देवाला पायी जायचं असलं की तो आधी बायनाबाईच्या अंगणात येतो. केज आणि नेकनूरच्या मधे, डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत असलेलं हे गाव. बायनाबाईचं घर गावाच्या पार टोकाला. पुढे तुरीचं वावर आणि त्याच्या कडेनं जाणारी गाडीवाट. बाईचं वय साठ, अंगानं काटकुळी. आवाज मात्र दुसऱ्या शिवारात ऐकू जाईल असा.

आलेल्या माणसाला ती चहा विचारत नाही. भरलेली घागर हातात देते आणि म्हणते, "त्या बाभळीपस्तोर जाऊन या." गाडीवाटेवर घोट्याइतका फुफाटा असतो. माणूस जाऊन येईपर्यंत ती शेळ्यांना पाला टाकत बसते, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तो परतला की उठते आणि वाकून उमटलेली पावलं बघत बाभळीपर्यंत जाते. टाच किती रुतली, कोणता पाय बाहेर पडला, चवडा कुठे घासत गेला, परत येताना पाऊल आखूड झालं का. मग निकाल. "पैठण जमंल, पण फागुनात जाऊ नका." "तुळजापूर करा, पण आधी म्हैनाभर चपला सोडून रानात हिंडा." आणि एखाद्याला सरळच, "तुमी एश्टीनं जा पाव्हणं, देव काय तिकीट इचारत न्हाई."

ही विद्या तिला बापाकडून मिळाली. बाप मेंढरं राखायचा. कळपातली कोणती मेंढी उद्या लंगडणार हे तो आज खुरांच्या ठशावरून सांगायचा. लेकीनं ते माणसांना लावलं, इतकंच.

ती स्वतः काय काय चालली, हे गावाला पाठ आहे. कोजागिरीचं तुळजापूर दरसाल. पैठणची नाथषष्ठी दोनदा, त्र्यंबक एकदा. आणि नवरा सटवा वारल्यावर दुसऱ्या वर्षी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, अख्खी नर्मदा परिक्रमा. पाच महिने. ती परत आली तेव्हा गावानं वेशीवर हलगी लावली होती आणि सरपंचांनी शाल दिली होती. ती शाल आता शेळीच्या पिल्लांना थंडीत उपयोगी पडते.

किराणा दुकानवाला बजरंग मित्रांबरोबर शिर्डीला चालत जाऊन आला, तेव्हा त्याच्या मोबाइलनं त्याची पावलं मोजली होती. तो आकडा त्यानं गावभर दाखवला आणि मग बायनाबाईकडे आला. पुढेही तो पुन्हा पुन्हा तेच विचारायला येत राहिला.

"काकू, खरं सांगा, समद्यात अवघड वाट कोणती? किलोमीटरनं बघितलं तर नर्मदाच की."

"किलोमीटर गाडीला लागतेत बे. पायाला भुई लागती."

आणि मग ती हातातलं काम न सोडता सांगायला लागायची. पैठणची वाट ताटासारखी सपाट, चढ नाही, उतार नाही. पण महिना फाल्गुन. गेवराईच्या पुढे दुपारी डांबर पाघळतं, अनवाणी माणसाच्या तळव्याला चिकटतं. तिथं शहाणा माणूस रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालतो, कारण तो पट्टा डांबराइतका तापत नाही. एवढ्याशा पट्ट्यावर एकामागं एक चाळीस माणसं, आणि मागून टिप्पर आला की सगळी कडेच्या चरीत. त्र्यंबकचं उलटं. पौषातली थंडी. पहाटे टाचांच्या भेगा उलतात आणि त्यात मेण वितळवून भरावं लागतं. भरताना आई आठवते, पण दिवसभर पाय चालतो. नव्या सिमेंटच्या रस्त्याचा तिला राग. डांबर थोडं दबतं, सिमेंट दबत नाही, सगळा मार गुडघ्यात जातो. "नेत्याला वाटतं रस्ता केला. त्यानं एकदा अनवानी चालून बगावं."

"आन नर्मदा?" बजरंग सोडायचा नाही.

नर्मदेला डोंगर आहेत, शूलपाणीच्या झाडीत तर चढ संपतो तिथंच उतार सुरू होतो. चढ दम काढतो, पण गुडघे काढतो तो उतार. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, म्हणून समोर दिसणाऱ्या गावाला जायला कधी दोन दिवसांचा वळसा. "पन तिथं घाई न्हाई," ती म्हणायची. "ताप आला, आश्रमात चार दिस पडून राह्यले. कोण म्हणलं न्हाई ऊठ म्हून. पाच म्हैन्याचे साडेपाच झाले तर नदी काय उठून जात न्हाई. दुरून डोंगर साजरे म्हणतेत, ह्याचं उलटं हाय, ते दुरूनच भ्या दावतंय."

"मंग अवघड कोणतं?"

"तुजं दुकान उगडायचं न्हाई का आज?" असं म्हणून ती विषय संपवायची. बजरंगला वाटायचं, म्हातारी मजा करते. सगळ्या गावालाच तसं वाटायचं.

तर नवरात्राच्या दुसऱ्या माळेला रोहिणी आली. ही बायनाबाईच्या थोरल्या जावेची, भिवराबाईची सून. घरं वेगळी असली तरी मधे फक्त एक काट्यांची कुपाटी. रोहिणीचं वय एकोणतीस, दोन लेकरं, लग्न झाल्यापासून अकरा हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला. डोक्यावर पदर घेऊन ती अंगणात उभी राहिली आणि तिनं सरळ घागरच उचलली.

"काय गं, घागर कावून घेतलीस?"

"काकी, माजी बी पावलं बगा. तुळजापूरला जायचंय मला. अनवानी."

बायनाबाईला माहीत नव्हतं असं नाही, पण ती विसरली होती. किंवा विसरावं अशी तिची इच्छा होती. गेल्या पौषात फडावर उसाची ट्रॉली उलटली आणि भिवराबाईचा मुलगा, म्हणजे रोहिणीचा नवरा सत्यम, तिच्याखाली आला. नऊ दिवस शुद्ध नव्हती. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून भिवराबाईनं हात जोडले आणि बोलून गेली, आई भवानी, माझं लेकरू उठलं तर माझी सून कोजागिरीला अनवाणी चालत तुझ्या पायरीला येईल. सत्यम उठला. आता थोडा लंगडतो, पण चालतो.

तिकडे याला पायावर बोलणं म्हणतात. जीव टांगणीला लागला की माणूस कुणाच्या तरी पायावर बोलून मोकळा होतो. लेकाच्या पायावर, सुनेच्या पायावर, अजून रांगणाऱ्या नातवाच्या पायावरसुद्धा. उचलली जीभ लावली टाळ्याला. स्वतःच्या पायावर बोलणारे थोडेच, कारण आजारी माणसापाशी बसायचं तेव्हा आपले पाय गुंतलेले असतात. आणि ज्याच्या पायावर बोललं गेलं त्यानं नाही म्हणायचं नसतं. तो चालला नाही आणि पुढे घरात काही झालं, तर बोट त्याच्याकडे जातं. भिवराबाई वाईट बाई नव्हती. ती बोलली तेव्हा सून धडधाकट होती, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी. पण ज्येष्ठात रोहिणीच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. त्या भागातल्या तोडीवर जाणाऱ्या बायांत ही गोष्ट इतकी झाली आहे की तिशीच्या आत पिशवी काढली म्हटलं तरी कुणी मान वर करून बघत नाही.

"टाके कवा निघाले?"

"झाले की तीन म्हैने. चालायला हरकत न्हाई म्हणले डाक्टर, पन..." रोहिणी अडखळली. "जड उचलू नको म्हणले व्हते."

"मंग घागर ठेव खाली. मोकळी जा बाभळीपस्तोर."

रोहिणी गेली आणि आली. बायनाबाई उठली आणि वाकून चालू लागली. पहिली वीस पावलं बरी होती. मग उजवा पाय आत वळायला लागला. चवड्याचा ठसा खोल, टाचेचा जेमतेम. माणूस पोट आवळून धरतो तेव्हा टाच टेकत नाही. बाभळीजवळ एका जागी दोन्ही पावलं शेजारी शेजारी रुतली होती; तिथं ती थांबली होती, बुंध्याला हात लावून. परत येतानाचं पाऊल वीतभर आखूड. भरली घागर नाही, ऊन नाही, दोनशे पावलांची वाट. आणि तुळजापूर एकशेपाच किलोमीटर, कळंबवरून, येरमाळ्यावरून, धाराशिववरून. गावातली माणसं ते साडेचार दिवसांत करतात, कारण कोजागिरीला पोचायचंच असतं.

बायनाबाई बाभळीखाली जरा वेळ उभी राहिली. वीस वर्षं ती लोकांची पावलं बघत होती. अशी पावलं तिनं याआधी एकदाच बघितली होती, आणि ती तिची स्वतःची होती.

"तू जाऊ नको," ती परत येऊन म्हणाली.

"असं कसं काकी? आत्या म्हणत्यात, बोललेलं फेडलं न्हाई तर... सत्यमला काय झालं तर मी काय करू? चार दिसाचं तर हाय. गोळी खाऊन जाते. तुमी संगं हायतच की."

पोरगी रडत नव्हती. तिनं मनाशी ठरवलंच होतं. बायनाबाईनं फक्त बरं म्हणावं एवढंच तिला हवं होतं. बायनाबाईनं तिला घरी पाठवलं आणि स्वतः भिवराबाईच्या वावराकडे निघाली.

भिवराबाई कापूस वेचत होती. पासष्टीची बाई, गुडघ्यांना पट्टे बांधून, कमरेच्या ओटीत कापूस भरत सावकाश सरी ओढणारी. बायनाबाईनं शेजारची सरी धरली. बोलायचं असलं की त्या दोघी अशाच बोलत. हात चालू राहिले की तोंडाला धीर येतो.

"आक्का, रोहिणी चालत न्हाई."

"न्हाई कशी? घरात कामं करतीच की."

"मी पावलं बगितली तिची. येरमाळ्याच्या पुढं जायची न्हाई ती."

"बायना," भिवराबाई थांबून म्हणाली, "तू पाच म्हैने चाललीस. डोंगर चढलीस, जंगलात राह्यलीस, छप्पन्न वर्साची म्हातारी. आन ही एकुणतीस वर्साची पोर चार दिस चालंना व्हय? तूच सांगतीस ना समद्यास्नी, चालायला काय लागतंय म्हून?"

हे मात्र तिला लागलं. खरंच होतं ते. वेशीवरच्या हलगीनं आणि शालीनं गावाला असं वाटायला लागलं होतं की चालणं म्हणजे काही नाहीच. बायनाबाई नर्मदा करून आली, मग तुळजापूर म्हणजे केजच्या बाजाराला जाऊन येणं.

"नर्मदेपरीस तुळजापूर अवघड हाय, आक्का."

भिवराबाई हसली. "लई लाडाची झाली का सून माजी तुला? काय बी बोलायलीस."

"तिच्या जागी मी जाते. माजे पाय घ्या."

"तसं चालत न्हाई. सुनेच्या पायावर बोललेय मी. देवीला फसवू व्हय?"

बायनाबाईनं आणखी दहा-बारा बोंडं वेचली. ऊन तापलं होतं. बांधावर आश्रुबा, म्हणजे भिवराबाईचा नवरा, बैलाला पाणी पाजत होता. इतक्या लांबवर की ऐकू जाणार नाही. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि बोलायला लागली.

"भावजींना कावीळ झालती ते साल आठवतंय का तुमाला? तुमी पंधरा दिसाच्या बाळंतीण. आत्याबाईंनी नवस बोलला. माज्या पायावर."

"आठवतंय की. तू जाऊन आलीस म्हून तर हे उठले."

"मला चौथा म्हैना व्हता."

भिवराबाईचे हात थांबले.

बायनाबाईचे थांबले नाहीत. तिनं सगळं सरळ सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. तेव्हा तिचं वय बावीस. आत्याबाईंना, म्हणजे सासूला, माहीत होतं. त्या म्हणाल्या होत्या, चौथ्या महिन्यात बाया फडात कोयता चालवतात, चालायला काय झालं. पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी येरमाळा सोडला आणि अंगावर जायला लागलं. तिनं बरोबर आलेल्या सासूला सांगितलं. सासू घाबरली. दिंडीत कुणाला कळलं तर विटाळ म्हणतील, बाहेर काढतील, नवस नासेल, आणि थोरला लेक दवाखान्यात पिवळा पडलेला. सासूनं आपलं जुनं लुगडं फाडून दिलं, घट्ट बांध म्हणाली, आणि कुणाला बोलू नको. पुढे रस्त्याच्या कडेला तुरीचं वावर होतं. तिथं ती आडोशाला गेली आणि जे व्हायचं ते तिथं झालं. सासूनं हातानं माती उकरली. मग दोघी पुन्हा रस्त्याला लागल्या, कारण पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती.

"तिथून पन्नास किलोमीटर चालले, आक्का. पाठीमागं वळून बगायचे, की माज्या पावलात रगत हाय का म्हून. फुफाट्यात दिसायचं. मी पायानं माती लोटायचे त्याच्यावर. आन तुळजापुरात त्या पायऱ्या. देवीचं देऊळ खाली हाय, उतरून जावं लागतंय. तशीच उतरले. तशीच आत गेले. तसल्या अंगानं उंबऱ्याला डोकं टेकवलं."

"बायना..."

"तवापासून मी पायऱ्या उतरले न्हाई. दरसाल जाते, म्हाद्वारातून कळसाला हात जोडते आन माघारी येते. तुमाला वाटतंय गर्दी व्हती म्हून. देवीला तोंड कसं दावू मी? पैठण केलं, त्र्यंबक केलं, नर्मदा केली. म्हणलं कुठंतरी धुतलं जाईल. नर्मदेत पाच म्हैने रोज आंगूळ केली. गाव म्हणतंय लई भक्तीण. भक्ती न्हाई वो ही. भ्या हाय."

भिवराबाई सरीत मटकन बसली. ओटीतला कापूस मातीत सांडला. तिला ते सगळं आता दिसत होतं: जाऊ परत आली तेव्हा तिनंच तिच्या पायांना कढत पाणी दिलं होतं. पोरगी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली होती. सासू म्हणाली होती, चालून दमली. आणि आपण, पंधरा दिवसांची बाळंतीण, नवरा बरा झाल्याच्या आनंदात, काही विचारलं नव्हतं. बायनाला पुढे तीन वर्षांनी दिपाली झाली, ती आता सिरसाळ्याला दिली आहे. ते एकच मूल. त्याच्या आधी एक होतं हे या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

तिनं बांधाकडे बघितलं. आश्रुबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"सटवा भावजींना सांगितलं व्हतंस?"

"न्हाई. आता तुमालाच."

भिवराबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग सांडलेला कापूस मातीतून उचलून झटकायला लागली, आणि झटकता झटकता म्हणाली, "मंग नवस कोन फेडायचा? बोललेलं तर हाय."

"जिच्या तोंडातून निघाला तिनं."

"माजे गुडघे बग की गं."

"बगितलेत. चला, घागर द्यायची काय गरज न्हाई तुमाला," बायनाबाई म्हणाली. "रोज दहा-अकरा किलोमीटर. साडेचार दिसाचे अकरा दिस करायचे. मधे बसायचं, झोपायचं, वाटंल तवा थांबायचं. फकस्त आत्तापसून निघायचं. पुनवंला पोचायचं काम माजं."

पाचव्या माळेला त्या निघाल्या. घट बसलेला असताना घरची थोरली बाई बाहेर पडते यावर गावात बरीच कुजबुज झाली. भिवराबाईनं घटाला पाणी घालायचं काम रोहिणीकडे दिलं आणि वेशीबाहेर चपला काढून सत्यमच्या हातात दिल्या. बायनाबाईनं मात्र चपला काढल्या नाहीत. "नवस तुमचा," ती म्हणाली, "मी कशाला पाय पोळून घेऊ?"

त्या वाटेनं इतक्या लवकर कुणीच निघत नाही. कोजागिरीच्या आधीचे चार-पाच दिवस त्या रस्त्यावर माणसांचा पूर असतो, जागोजागी मांडव, फुकट जेवण, पायाला चोळायला तेल. या दोघी निघाल्या तेव्हा मांडवांचे बांबूसुद्धा आले नव्हते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, हातपंपाचं पाणी. पहिल्या दिवशी नऊ किलोमीटर झाले आणि भिवराबाई एका शाळेच्या ओट्यावर आडवी झाली ती उठेचना. दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड आले. बायनाबाईनं सुईत दोरा ओवून फोडातून घातला, दोरा तसाच आत ठेवला, म्हणजे पाणी निघून जातं आणि कातडी जागेवर राहते. कळंबच्या अलीकडे सिमेंटचा रस्ता लागला. तिथं तिनं जावेला रस्त्यावरून उतरवून बाजूच्या मातीतून चालवलं. उतार आला की आडवं चालायला लावलं, शेळी चालते तशी. भिवराबाई तिला शिव्या देत होती, देवीला देत होती, ट्रॉलीवाल्याला देत होती. दसरा त्यांनी एका अनोळखी शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडात केला. त्याच्या बायकोनं दोघींना आपट्याची पानं दिली आणि पुरणपोळी.

येरमाळा मागं टाकल्यावर भिवराबाईच्या शिव्या थांबल्या. ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत चालली होती. एके ठिकाणी तूर उभी होती, कमरेच्या वर. ती थांबली.

"हितं का?"

"ठावं न्हाई आक्का. तवा रस्ता लहान व्हता. आता कुटं कळतंय."

भिवराबाईनं डोक्यावरचं गाठोडं उतरवलं. उरलेल्या पुरणपोळीचा तुकडा काढून तिनं तुरीच्या पहिल्या ओळीत मातीवर ठेवला. नमस्कार केला नाही. लेकराला खायला द्यावं तसा ठेवला आणि पुढे निघाली. बायनाबाई मागून चालत होती. तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण एकटी चालत नाही.

पौर्णिमेच्या सकाळी त्या तुळजापुरात शिरल्या. दसऱ्यानंतर पलंगावर निजलेली देवी त्या दिवशी पुन्हा सिंहासनावर बसते, म्हणून चारी रस्त्यांनी माणसं आलेली. धूळ, कुंकू, घामाचा वास, पोलिसांच्या शिट्ट्या. भिवराबाईचे पाय सुजून पुरीसारखे टम्म झाले होते, पण ती पोचली होती. महाद्वारापाशी आल्यावर बायनाबाईनं गाठोडं खाली ठेवलं आणि कडेच्या कठड्यावर बसली.

"जावा तुमी. हळू उतरा, एकेका पायरीला दोनी पाय टेकवा. मी हितं बसते."

भिवराबाईनं खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे बघितलं. मग जावेकडे.

"मी एकली उतरत न्हाई."

"मानसं हायत की. कुणाचा बी हात धरा."

"तुजा धरीन. तू आलीस तर जाते, न्हाई तर न्हाई."

"आक्का, येडं लागलंय का? अकरा दिस कशासाठी चाललाव? सत्यमचा नवस हाय. दारात येऊन माघारी फिरू नये."

"ठावं हाय मला कुणाचा नवस हाय ते," भिवराबाईचा आवाज चढला तशी आजूबाजूची माणसं बघायला लागली. "माज्या नवऱ्यासाठी तू त्या अवस्थेत ह्या पायऱ्या उतरलीस. मी घरात बाजंवर पडून लाडू खायालते. आता माज्या लेकाचा नवस फिटला काय न्हाई फिटला, मी तुला हितं सोडून जायची न्हाई. देवीला काय करायचं ते करू दे."

मुलाच्या जिवावरची गोष्ट होती ती. अशी गोष्ट आई तोंडातून काढत नाही. बायनाबाईला कळलं की ही बाई खरंच माघारी फिरेल, त्या सुजलेल्या पायांनी. ती उठली. चपला काढून कठड्याखाली सारल्या. भिवराबाईनं तिचं मनगट धरलं. एक गुडघे नसलेली आणि एक धीर नसलेली, अशा दोघी एकेका पायरीला दोन्ही पाय टेकवत खाली उतरायला लागल्या. मागची माणसं ओरडत होती, आजी जरा बाजूला व्हा. बायनाबाईचे पाय दर पायरीला अडत होते. एवढं सगळं चाललेले पाय.

गाभाऱ्यासमोर उभं राहायला मिळालं ते पाच-सहा श्वासांइतकं. पुजारी पुढे ढकलत होता. भिवराबाईनं अकरा दिवस मनात घोकलेलं होतं, सत्यमचं नाव, सुनेचं नाव, नातवंडांची नावं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "आई, हिचं लेकरू तुज्याकडं हाय. सांभाळ." एवढं होईपर्यंत दोघींना बाहेर लोटलं गेलं.

बाहेरच्या फरशीवर, खांबाला टेकून त्या बसल्या.

"वर बगितलंस का?" भिवराबाईनं विचारलं.

"बगितलं."

"मंग?"

"माज्याकडंच बगायली व्हती," बायनाबाई म्हणाली, आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

भिवराबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हातानं कमरेची पिशवी उघडून मोबाइल काढला आणि घरी लावला. रोहिणीनं पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचलो गं. झालं दर्शन. तुज्या पायावरचं मी काढून घेतलंय. आता ह्या घरात कुणी कुणाच्या पायावर काय बोलायचं न्हाई, सत्यमला बी सांग. पाय हालवू नको जास्त. न्हाई, काय झालं न्हाई मला, फोड आलेत." पलीकडून रोहिणी काहीतरी विचारत होती. भिवराबाईनं शेजारी बघितलं.

"काकी हितंच हाय. खाली उतरली माज्यासंगं. रडायली. न्हाई, समजूत कशाला घालू? अडतीस वर्सं रडली न्हाई ती, रडू दे."